मदत हवी आहे: कंपनीत लेखी तक्रार केली आहे, निकाल लागेपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी फोंड्याजवळ राहते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नऊ वर्षं काम करतेय. गेल्या वर्षी सेक्शनला नवीन इनचार्ज आले. सलग दुसऱ्या पाळीला थांबवायचं आणि ओव्हरटाइम मात्र रजिस्टरात चढवायचा नाही, असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझं एकही काम धड नाही. रिपोर्ट सगळ्यांदेखत टेबलावर आपटायचा, "तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतात" म्हणायचं. अप्रेझलला पहिल्यांदाच सगळ्यात खालची श्रेणी. शेवटी जूनमध्ये तारीखवार लिहून तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिला आणि पोच घेतली. गोल शिक्क्याची ती पोच कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. दिवसातून एकदा तरी जाऊन बघते, आहे ना जागेवर.

तक्रार करायला हवी होती की नको, हे विचारायला धागा काढलेला नाही. (ते नवरा, आई, नणंद आणि शेजारची बाय यांनी आपापल्या परीने सांगून झालंय.) मला विचारायचंय ते वाट बघण्याबद्दल.

आज 52 वा दिवस. एकदा बोलावलं, म्हणणं लिहून घेतलं, "कळवतो" म्हणाले. पुढे काही नाही. इनचार्ज तेच, टेबल तेच. आता ते ओरडत नाहीत, माझ्याशी बोलतच नाहीत; काम दुसऱ्या मुलीच्या हाती चिठ्ठी देऊन सांगतात. ओरडणं परवडलं. कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसले की जिच्याबरोबर सात वर्षं डबा वाटून खाल्ला, ती घाईघाईने पाव संपवते आणि उठते. तिला दोन लहान मुलं आहेत, तिचं चुकतंय असंही म्हणवत नाही.

रात्री तीनच्या सुमाराला जाग येते. फोन उशाशीच. मेल उघडायचा, बोटाने खाली ओढायचा, काही नाही. पुन्हा ओढायचा. रात्री तीन वाजता एचआरमधलं कोण मेल करणार? कळतं, पण बोट थांबत नाही. मग पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येईपर्यंत समितीपुढे काय बोलायला हवं होतं त्याची उजळणी. बस बोरीच्या पुलावर आली की पोटात गोळा. मागच्या आठवड्यात लोटलीला उतरून परत घरी आले, बरं नाही म्हणून कळवलं. असं आयुष्यात केलं नव्हतं. मुलगा परवा म्हणाला, "आई, तू ऐकतेस का नुसती हो म्हणतेस?"

चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आलीय आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाचा विचारही मनात शिरत नाही. यातून गेलेल्यांनी सांगा, मधले दिवस तुम्ही कसे काढलेत?

प्रतिसाद

ताई, सरळ सांगतो. दुसरी नोकरी बघा. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुठेही क्यूसीवाल्यांना काम मिळतं. असल्या समित्यांतून काही निघत नाही.

प्रतिसाद

वरचा सल्ला वाईट नाही, पण तो आज देऊ नये. माझं असंच प्रकरण आठ महिने चाललं होतं. तिसऱ्या महिन्यात रागाच्या भरात राजीनामा लिहिला होता, बायकोने तो पाकीट फाडून परत आणला. नोकरी बदलायची तर निकालानंतर, झोप जागेवर आल्यावर.

तुमचा 52 हा आकडा वाचून थांबलो, कारण मीही मोजायचो. मोजायचंच तर उपयोगाचं मोजा. औद्योगिक संबंध संहिता, 2020 आता लागू आहे. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावीच लागते आणि अर्ज आल्यापासून 30 दिवसांत तिने काम संपवायचं असतं. तुमचे 30 कधीच झाले. त्यानंतर 60 दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जाता येतं, युनियनचे सभासद असलात तर युनियनमार्फत. म्हणजे तुमच्या हातात 38 दिवस आहेत. ते नुसते वाट बघण्यात घालवू नका. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे पोच दाखवून विचारा. एक मात्र तपासा: सुपरवायझर पदावर असाल आणि पगार 18,000 च्या वर असेल, तर या कायद्यात तुम्ही 'कामगार' धरल्या जात नाही. केमिस्ट म्हणून हाताने काम करत असाल तर तो प्रश्न यायला नको.

आणि समितीला दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेला अर्ज दिला, सुनावणी झाली, निर्णय कधी मिळेल ते लेखी कळवावं. विशेषणं नकोत. उत्तर येईल न येईल, पण पत्र दिलं त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी सलग झोपलो. बघत बसणं आणि विचारणं यात शरीराला फरक कळतो.

प्रतिसाद

मी समुपदेशन करते, म्हणून फक्त झोपेपुरतं. तीनला जाग आली की अंथरुणात उजळणी करू नका. उठा, स्वयंपाकघरात मंद दिव्यात बसा, झोप आली की परत जा. अंथरुणाची आणि समितीची सांगड बसत चाललीय, ती तोडायची आहे. फोन दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ. आणि संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून तक्रारीचीच वही उघडा: आज काय घडलं, कोण काय बोललं, तारीख. पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल, आणि रात्री विचार आला तर "उद्या वहीत" म्हणून त्याला परत पाठवता येईल.

बसमधून अर्ध्या वाटेत उतरलात ते मात्र हलक्यात घेऊ नका. असं पुन्हा झालं, किंवा जेवण तुटलं, किंवा जगणं नको वाटलं, तर बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाची, ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तुम्ही उपचार घेताय हे तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर कंपनीला सांगू शकत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं आहे. बायका याच भीतीने येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुलाला खरं सांगा. "कामावर भांडण चाललंय, तुझ्यावर रागावलेले नाहीय," एवढं पुरतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नोकरी सोडा म्हणणाऱ्यांचेही, पण नऊ वर्षं मी काढलीत, इनचार्जने एक.

30 दिवसांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पत्र काल दिलं. आवक कारकुनाने शिक्का मारताना वर न बघता विचारलं, "अजून नाही झालं?" नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग बरं केलंस." 52 दिवसांत कंपनीतल्या माणसाचं माझ्याशी झालेलं हे पहिलं धड बोलणं. शुक्रवारी रजा टाकून पाटोला जातेय, नवरा बरोबर येतो म्हणालाय.

मुलाला सांगितलं. त्याने विचारलं, "तू जिंकतेयस का?" माहीत नाही म्हटलं, तर म्हणाला, मग झोप.

फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, तरी रात्री एकदा उठून गेलेच. आता कुणीतरी एवढंच सांगा: व्हॉट्सअ‍ॅप चालू ठेवून फक्त ऑफिसच्या मेलचं नोटिफिकेशन बंद कसं करायचं? अँड्रॉइड आहे.