मदत हवी आहे: मकरान फॉल्टचं त्सुनामी मॉडेल
मंडळी, त्सुनामी मॉडेलिंग कोणी केलंय का इथे? मी २८ नोव्हेंबर १९४५ चा मकरानचा भूकंप घेतलाय, पाकिस्तानात पसनीजवळचा, ८.१ चा, त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. ओकाडाच्या सूत्रांनी समुद्रतळ किती उचलला ते काढलं, गेब्कोची (जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशाचा खुला डेटा) खोली घातली, खोल समुद्रात सगळं मस्त चालतं पण किनाऱ्याजवळ आलं की बोंब, कारण ग्रिडचा एक चौकोनच साधारण ४५० मीटरचा, त्यात माहीमची खाडी म्हणजे जेमतेम दोन-चार ठिपके. उथळ पाण्याची खोली कुठून आणता, नेव्हीचे चार्ट हाताने डिजिटाइझ करूनच का? आणि स्लिप, म्हणजे भूकंपात फॉल्टच्या (जमिनीतल्या भेगेच्या) दोन बाजू एकमेकींवरून किती सरकल्या ते, पूर्ण फॉल्टवर सारखी धरायची की बदलती? सारखी धरून लाट फारच गुळगुळीत येते, पटत नाही. भरतीचं काय करता तेही सांगा, मुंबईत उधाणाला फरकच ४-५ मीटरचा असतो.