विकास आराखड्यातील ओढा आणि हंगामी तळे वाचवायचे असेल, तर हरकतीत नेमके काय मागावे?

प्रश्न – काठावरून

नमस्कार. आमच्या वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला असून त्यावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या आहेत. या जमिनीतून एक लहान ओढा वाहतो आणि त्याच्या खालच्या अंगाला एक उथळ तळे आहे, जे वर्षातील काही महिने पूर्ण कोरडे असते. आराखड्यात ओढा सरळ करून बंदिस्त नळातून नेला आहे, तळ्याच्या जागी उद्यानाचे आरक्षण टाकले आहे आणि तळ्यालगतच्या उतारावरून रस्ता काढला आहे. नकाशावर हिरवा रंग भरपूर दिसतो, त्यामुळे आक्षेप नेमका कशावर घ्यायचा, हेच शेजाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी विजेरी घेऊन त्या तळ्याच्या काठी उभा होतो. भेगाळलेला तळ तासाभरात चिखल झाला, आणि उतारावरच्या झुडपांतून व दगडांखालून बेडूक एकामागून एक पाण्याकडे येऊ लागले. आराखड्यातील रस्ता नेमका त्या उतारावर आहे. माझा घरबांधणीला विरोध नाही. लोकांना घरे हवीच आहेत. परंतु पाणी आणि त्यावर जगणारे जीव टिकतील अशा रीतीने ही वस्ती वसवता येईल का, आणि त्यासाठी हरकतीत काय मागावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – निचरा

मी अनेक वर्षे पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची आखणी करण्याचे काम करत आहे. आधी रस्ते आखायचे, मग भूखंड पाडायचे आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांतून पाण्याला वाट काढून द्यायची, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. माझ्या मते बहुतेक नुकसान या क्रमामुळेच होते. म्हणून तुमची पहिली मागणी अशी असावी की जमिनीचे चढउतार, ओढ्याची पूररेषा, पाणी मुरणारी जमीन आणि तळ्याचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र आधी नकाशावर दाखवावे, आणि रस्ते व इमारती त्यानंतर उरणाऱ्या जागेत बसवाव्यात.

केवळ ओढ्याच्या पात्राला हात लावू नका, एवढे म्हणून भागत नाही. झाडोऱ्याखालच्या जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी साधारण १० टक्के पाणी वरून वाहून जाते. तीन चतुर्थांशांहून अधिक जमीन छपरे, डांबर आणि फरशी यांखाली गेली की हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि ते सगळे पाणी एकाच वेळी लोंढ्यासारखे ओढ्यात उतरते. पाणलोटातील सुमारे १० टक्के जमीन अशी झाकली गेली तरी ओढ्यातील जीवसृष्टी खालावू लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. वरच्या अंगाला वसाहत झालेला एक ओढा मी काही वर्षांनी पुन्हा पाहिला, तेव्हा पात्र इतके खोल खरवडले गेले होते की काठावरच्या झाडांची मुळे हवेत लोंबत होती आणि नळाच्या तोंडाखाली पुरुषभर खोल खड्डा पडला होता. पूर्वी बारमाही असलेला तो ओढा उन्हाळ्यात मात्र ठणठणीत कोरडा होता. पाणी जमिनीत मुरलेच नाही, तर ते ओढ्यात पाझरणार कोठून?

यासाठी प्रत्येक भूखंडावरचे पाणी शक्य तितके तेथेच मुरावे आणि रस्त्यांवरचे पाणी थेट नळात न जाता आधी माती व झाडे असलेल्या उथळ चरांतून जावे, अशी अट मागा. रस्त्यावरच्या पाण्याबद्दल मी विशेष आग्रही आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील शहरांच्या ओढ्यांत अंडी घालायला येणारे कोहो सामन मासे पावसानंतर मोठ्या संख्येने मरत असत. टायरच्या रबरातील एका रसायनापासून तयार होणारे द्रव्य त्याला कारणीभूत असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्याआधीच्या प्रयोगांत रस्त्यावरचे तसे पाणी मातीच्या थरांतून गाळून दिल्यावर मासे जगले होते. म्हणजे उपाय महागड्या यंत्राचा नसून त्यासाठी जागा सोडण्याचा आहे, आणि जागा सोडण्याचा निर्णय आराखड्याच्या टप्प्यावरच होऊ शकतो.

उत्तर – चतुर

वरील मांडणी मला मान्य आहे, पण तिच्यात तळ्याचा विचार कमी पडला आहे. तुमच्या तळ्याला खरा धोका भरावापेक्षाही त्या 'उद्यान' शब्दाचा आहे. उद्यान म्हटले की तळे खोल करायचे, काठ दगडांनी बांधून काढायचे, वर्षभर पाणी ठेवायचे आणि त्यात मासे सोडायचे, असे ओघानेच होते. हंगामी तळे दरवर्षी आटते म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसतात म्हणूनच बेडकांची पिल्ले व चतुरांच्या अळ्या तेथे वाढू शकतात. तळ्याचे आटणे हा दोष समजून तो 'दुरुस्त' केला, तर पाणी दिसेल पण तुम्ही त्या रात्री पाहिलेले बेडूक दिसणार नाहीत. तळे बारमाही नाही म्हणून ती पाणथळ जागाच नव्हे, असा युक्तिवाद होण्याची शक्यता आहे. पाणथळ जागांच्या जतनासाठी १९७१ मध्ये झालेल्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम, कायमच्या व तात्पुरत्या अशा सर्व पाणथळ जागा येतात, हे हरकतीत अवश्य नमूद करा.

दुसरी गोष्ट उताराची. बेडूक वर्षाचा फार थोडा काळ पाण्यात असतात. उरलेला काळ ते त्या झुडपांत आणि दगडांखालीच काढतात. म्हणून तळे, उतार आणि ओढ्याचा काठ हे तिन्ही मिळून एकच अधिवास आहे असे दाखवा आणि रस्ता उताराच्या पलीकडे सरकवण्याची मागणी करा. ते अशक्यच ठरले तर रस्त्याखालून बोगदे आणि प्राण्यांना त्यांच्या तोंडाशी नेणाऱ्या बुटक्या भिंती मागता येतात, पण तो दुय्यम उपाय आहे आणि तो पहिल्याच पत्रात सुचवू नये. काठाकडे प्रकाश फेकणारे दिवे नकोत, हेही लिहा.

ओढा सरळ नळातूनच न्यावा लागतो, असे कोणी म्हणाले तर सिंगापूरचे उदाहरण द्या. तेथील एका उद्यानालगत कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी करण्यात आली. पूर आला की उद्यानाचा सखल भाग पाणी सामावून घेतो, आणि पुढे तेथे पाणमांजरेही राहू लागली. दक्षिण कोरियातील सोलमधील चोंगग्येचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून तो ओढा २००५ मध्ये खुला केला, ते काम धाडसाचे होते यात शंका नाही. परंतु त्यात वाहणारे पाणी मुख्यतः उपसा करून आणावे लागते. एकदा झाकलेला ओढा उघडता येतो, त्याचे पाणलोट मात्र तसे परत मिळत नाही.

प्रश्नकर्ता – काठावरून

दोघांचेही मनापासून आभार. तळे आटते हीच त्याची ताकद आहे, ही बाजू मला अगदी नवी होती. आणखी एक शंका आहे. एवढ्याच क्षेत्रफळाचे दुसरे तळे अन्यत्र करून देऊ, असे तोंडी सांगितले जात आहे. ते स्वीकारावे का?

उत्तर – पूररेषा

लगेच स्वीकारू नका. आधी नुकसान टाळावे, टाळता येत नसेल तेथे ते कमी करावे आणि तरीही जे उरेल त्याचीच भरपाई करावी, हा क्रम जगभर मान्य आहे. भरपाईचा प्रस्ताव आधीच पुढे येतो, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत असे समजावे. क्षेत्रफळ सारखे असले तरी नव्या जागेची माती पाणी धरेल का, पाणलोट पुरेल का आणि जुन्या उतारावरचे बेडूक तेथवर पोहोचतील का, हे प्रश्न उरतातच. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवावी लागते, आणि जेथे मोठ्या प्रमाणावर अधिवास तयार केला जातो तेथे तो ३० वर्षे सांभाळण्याचे बंधन असते. त्यातही सवलती आणि पळवाटा आहेत, परंतु कोण सांभाळणार आणि किती वर्षे, हे लेखी ठरवून घेण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. तुमच्या हरकतीत हे दोन्ही प्रश्न असू द्या.

बांधकाम चालू असतानाच्या काळाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. उघडी पडलेली माती पावसात वाहून ओढ्यात उतरली की तिचा गाळ अंड्यांवर आणि तळावरच्या किड्यांवर बसतो, आणि सगळ्या चांगल्या अटी लागू होण्याआधीच ओढा मरतो. म्हणून काठाचा पट्टा काम सुरू होण्यापूर्वी कुंपण घालून वेगळा करावा आणि माती टप्प्याटप्प्यानेच उघडी करावी, अशी अट बांधकाम परवानगीतच घालून घ्या.

आराखड्यासाठी पर्यावरणाची पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हे आजच लेखी विचारा. ती कोरड्या महिन्यांत झाली असेल तर अहवालात तळ्याच्या जागी पडीक जमीन आणि प्राण्यांच्या रकान्यात शून्य असण्याचीच शक्यता अधिक, आणि तेवढ्या एका कारणावरूनही पावसाळ्यात फेरपाहणी मागता येते. तुम्ही त्या रात्री पाहिलेले तारीख, वेळ आणि जागेच्या खुणेसह लिहून काढा, छायाचित्रे असतील तर जोडा, आणि शेजाऱ्यांपैकी ज्यांनी वेगवेगळ्या वर्षी तळे भरलेले पाहिले आहे, त्यांच्या सह्या त्याखाली घ्या.