मारन्सची अंडी फिकट पडायलीत, कडकनाथचा कोंबडा लावू का?

औसेकर_रानमाणूस:
राम राम मंडळी. मागच्या वर्षी एकाकडून ब्लॅक कॉपर मारन्सची (गडद तपकिरी अंडी घालणारी फ्रान्सची कोंबडीची जात) १२ अंडी मागवली होती, त्यातली ७ निघाली, दोन मेली, एक मुंगसानं नेलं, आता तीन तलंगा अन् एक कोंबडा उरलाय. दिवाळीनंतर अंड्यावर आल्या तेव्हा पहिलं अंडं बघून आईला वाटलं गुळाचा खडा पडलाय. आता मार्च संपत आला अन् त्याच कोंबड्या गावरानसारखी अंडी टाकायल्यात. एकीच्या छातीवर तपकिरी शिंतोडे पण हायेत. गावातले म्हणायलेत कडकनाथचा कोंबडा सोड, काळ्या कोंबड्याची अंडी काळी होतील. खरं हाय का हे?

परभणीकर:
भाऊ कडकनाथचा नाद सोडा. त्याची कातडी काळी, मटण काळं, पण अंडं साधं फिकट बदामी असतं, तो काळेपणा अंगाचा आहे, कवचाशी त्याचं देणंघेणं नाही. उलट पहिल्याच पिढीत पिल्लांची कातडी काळवंडेल अन् अंडी मधलीच कुठलीतरी होतील, मग निस्तरत बसा.

मारन्सचा रंग वरून चढतो. अंडं बाहेर यायच्या आधी शेवटच्या काही तासात कवचावर तपकिरी थर बसतो. ताजं ओलं अंडं नखानं खरवडून बघा, रंग निघतो. कोंबडी लागोपाठ घालत गेली की थर पातळ होतो, त्यात आपलं ऊन, त्यात कुत्र्यानं घाबरवलं तर अजून फिकट. पिसं झडून आराम झाला की परत गडद होतं. म्हणून मार्चच्या अंड्यावरून कोंबडीला नावं ठेवू नका, सुरुवातीची अंडी कशी होती ते धरा. फ्रान्समधे (मारां हे तिकडचं गावच आहे) १ ते ९ असा रंगाचा तक्ता असतो, ४ च्या खालचं अंडं ते लोक मारन्सचं धरतच नाहीत.

अन् कोंबडा अंडं घालत नाही म्हणून त्याला कुणी हिशोबात घेत नाही, पण पोरींच्या अंड्याचा रंग त्याच्याकडून पण उतरतो. तो स्वतः किती गडद अंड्यातून निघाला ते माहीत नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार. शिंतोडेवाली लगेच कापू नका. तीन कोंबड्यांवर पिसं अन् अंडी दोन्ही सुधारायला गेलात तर हातात काहीच राहणार नाही, आधी अंडं बघा. मात्र कोंबड्याची छाती बहुतेक काळी पाहिजे, लाल नुसती ठिपक्यापुरती.

अंबाजोगाईची_ताई:
दादा तुमची चारही एकाच घाण्यातली, म्हणजे भाऊबहीणच झाले की! कोंबडा दुसरीकडून आणा, अन् जुना काढला की तीन आठवडे थांबा, तोवर जुन्याचीच पिल्लं निघत राहतात. आणि आता उबवायला घालू नका. एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, कोंबडा दिवसभर चोच वासून बसतो, अंडी निम्मी वांझ निघतात. मी पावसाळा लागला की घालते. सातव्या दिवशी टॉर्च लावून काही दिसत नाही म्हणून अंडी फेकू नका, गडद कवचातून उजेडच जात नाही, मी चौदाव्या दिवशी बघते.

लातूरचा_पोट्टा:
माझ्याकडं निळा कॉपर (मारन्सच, पण राखट निळ्या पिसांचा) कोंबडा हाय, निळ्याच कोंबड्या लावल्या तर सगळी निळी निघतील का?

परभणीकर:
नाही. निळा×निळा केलं तर साधारण पाव काळी, निम्मी निळी, पाव पांढुरकी ठिपक्यांची. काळ्या कोंबड्यांवर सोडा, निम्मी काळी निम्मी निळी येतील, पांढुरकी येणार नाहीत. अंड्याच्या रंगाशी याचा संबंध नाही, निळी आहे म्हणून चढ्या भावानं घेऊ नका.

औसेकर_रानमाणूस:
आज सकाळचं अंडं खरवडलं, खरंच नखात रंग आला. आई ओरडली, इकायचंय का घासायचंय म्हणून. पण एक अडचण हाय, तिघी एकाच टोपल्यात घालतात, कुणाचं कुठलं कळणार कसं?

अंबाजोगाईची_ताई:
सकाळी सोडायच्या आधी तिघींना तीन डालग्यांखाली झाका, अंडं पडलं की उचला, पेन्सिलीनं खूण करा, मग सोडा. पायात वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा, पण घट्ट नको, माझ्या एकीचा पाय सुजला होता.

औसेकर_रानमाणूस:
डालगं एकच हाय ताई, उद्या बाजारात बघतो.