ग्वाटेमाला: सेपूर झार्कोचा निकालही बघा

ग्वाटेमालाचा माजी लष्करी हुकूमशहा रिओस माँट याची शिक्षा दहा दिवसांत रद्द झाली, म्हणून तिथले लष्करी अत्याचारांचे सगळे खटले म्हणजे निव्वळ फार्स, असं मत कुणी मांडतं, ते मला पटलं नाही. १० मे २०१३ ला इशिल माया या मूळनिवासी समाजाचा वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसाठी त्याला ८० वर्षं शिक्षा झाली आणि २० मे ला घटनात्मक न्यायालयाने निकाल फिरवला, हे खरंच. संताप येणारच.

पण सेपूर झार्को या गावच्या खटल्याचं काय? तिथले केक्ची माया समाजाचे पुरुष जमिनीचे कागद आपल्या नावावर व्हावेत म्हणून खटपट करत होते. १९८२ मध्ये सैन्याने त्यांना उचललं, आणि मग त्यांच्याच बायकांना लष्करी तळावर पाळीपाळीने स्वयंपाकाला, धुण्याला जुंपलं, त्यांच्यावर बलात्कार केले. पुढे त्यांतल्या १५ जणींनी खटला लढवला. कोर्टात त्या चेहरे झाकून बसत. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका माजी लष्करी अधिकाऱ्याला १२० वर्षं आणि सैन्याच्या स्थानिक हस्तकाला २४० वर्षं शिक्षा झाली. (म्हाताऱ्या माणसाला २४० वर्षं, हा आकडा विचित्र वाटतो, कबूल.)

मला त्याहून मोठा वाटतो तो भरपाईचा आदेश. त्या बायकांनी पैशांपेक्षा गावासाठी दवाखाना, शिक्षण आणि जमिनीचा निवाडा मागितला. मूळ भांडण जमिनीचंच होतं, आणि नेमकी तिथेच सरकारने वर्षानुवर्षं चालढकल केली.