मदत हवी आहे : सामानाचा हिशोब आणि लेकीच्या भेटी वेगळ्या कशा ठेवायच्या? (लातूर-कळंब)

नमस्कार. मी लातूरला माहेरी राहते. सासर कळंब तालुक्यात, येरमाळ्याजवळचं गाव. लग्न २०१४ चं. माहेरी येऊन वर्ष उलटलं. मारहाण नाही, व्यसन नाही, पण एकत्र नांदणं होत नाही हे आम्हा दोघांनाही कबूल आहे. कारणं कृपया विचारू नका. मुलगी आठ वर्षांची, माझ्याजवळ आहे, इथं तिसरीत शिकते.

दोन्हीकडच्या जाणत्या माणसांची बैठक बसली. त्यात सामानाची यादी आणि मुलीच्या भेटी एकाच कागदावर आल्या. सासरचे म्हणतात, "पोरगी महिन्याला धाडणार असाल तर दागिने देऊ." माझा थोरला भाऊ म्हणतो, "आधी सोनं येऊ दे, मग लेकरू धाडू." दोघंही आपापल्या माणसाच्या मायेनंच बोलतात, पण दोन्हीकडून माझी लेकच तारण पडते. तिला पप्पांची फार ओढ आहे. संध्याकाळी त्यांचा फोन यायला उशीर झाला तर ती जेवत नाही. सोन्यापायी तिची भेट अडावी हे मला मान्य नाही, आणि भेटीच्या बदल्यात माझं सोनं सोडावं हेही मान्य नाही.

सामान असं : गंठण, पाटल्या, झुमके माझ्या वडिलांनी घातलेले. मंगळसूत्र आणि एकदाणी सासरची. कपाट, दिवाण, शिलाई मशीन, रुखवतातली भांडी माहेरची. फ्रीजचे हप्ते माझ्या पगारातून गेले, पावती त्यांच्या नावावर. भांड्यांवर नावं घातलेली आहेत, त्यामुळे तिथं वाद नाही.

अवघड आहे ती गाय. मुलगी झाली तेव्हा माझ्या वडिलांनी कालवड दिली होती, लेकराला दूध मिळावं म्हणून. तिची आता गाय झाली, वेतं झाली, एक कालवड दावणीला आहे. वैरण त्यांची, शेण काढणं, धारा काढणं, दुष्काळात चारा विकत आणणं सगळं त्यांनी आणि सासूबाईंनी केलं. भाऊ म्हणतो किंमत लावा. मला ते पटत नाही. इथं दोन खोल्यांच्या घरात गाय बांधणार कुठं? शिवाय मुलगी फोनवर आधी तिचीच खबर विचारते. गाय तिथंच राहावी असं माझं मन सांगतं. पण यादीतून ती सोडली तर "बाईनं हक्क सोडला" म्हणून बाकीच्या वस्तूंवरही पाणी पडेल का?

सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात आहे, पालक म्हणून त्यांचं नाव. तेही बैठकीत वाटणीला निघालं होतं.

भेटींचं म्हणाल तर येळवशीला (वेळा अमावास्येला) तिला शेतात जायचंच असतं आणि ती जावी असं मलाही वाटतं. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची, येडाईची यात्रा चैत्र पौर्णिमेला, नेमकी शाळेच्या परीक्षेच्या तोंडावर. आणि ते न्यायला येतात तेव्हा आमच्या दारात सोन्याचा विषय निघतो, मुलगी चप्पल घालून मधे उभी असते. हे थांबवायचं आहे.

बैठकवाले म्हणतात, बाँडवर फारकत लिहा, नोटरी करा, झालं. एवढ्यावर भागतं का?

प्रतिसाद (परभणीहून)

ताई, माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं, म्हणून लिहिते. "महिन्यातून दोनदा भेट" एवढंच लिहू नका, त्यावरूनच भांडणं होतात. कोणता शनिवार, किती वाजता न्यायचं, रविवारी किती वाजता कोण आणून सोडणार, एसटी चुकली तर कुणाला कळवायचं, लेकरू आजारी पडलं तर ती भेट कधी भरून द्यायची, हे सगळं लिहा. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. येळवस दरवर्षी वडिलांकडे असं सरळ लिहून टाका. यात्रेचं मात्र "परीक्षा नसेल तर" असं असू द्या, परीक्षा असेल तर तेवढेच दिवस मे महिन्यात वाढवून द्या.

ने-आण दारातून करू नका. आमच्याकडे शनिवारी वडील शाळेतूनच घेऊन जायचे. शाळेला दोघांच्या सहीचं पत्र दिलं होतं, दोघांचे फोन नंबर दिले होते. मामा आणि बाप समोरासमोर यायची वेळच आली नाही. रोजच्या फोनची वेळही ठरवा, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.

गाय राहू द्या तिथं. लेकरू गेल्यावर त्याला तिथं आपलं काहीतरी लागतं.

प्रतिसाद (मी वकिली करते)

बाँडवर लिहिलेल्या फारकतीनं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. समाजात तशी जुनी रूढी असेल तर कायदा तिला वाव देतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या भरवशावर राहू नका, पुढे दोघांपैकी कुणीही दुसरं लग्न केलं तर घोटाळा होतो. कलम १३ ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करा. एक वर्ष वेगळं राहिल्याची अट तुमची पूर्ण झाली आहे. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे.

दागिन्यांबद्दल निर्धास्त राहा. तुम्हाला मिळालेलं स्त्रीधन तुमचंच, मग ते माहेरनं घातलेलं असो की सासरनं. ते सासरी ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच स्पष्ट केलं. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निर्णय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली घटस्फोटाचा अर्ज ऐकणारं न्यायालयच करू शकतं. फ्रीजच्या हप्त्यांसाठी बँकेचा उतारा काढून ठेवा.

गाईचं स्वतंत्र वाक्य लिहा : "ही गाय व तिची वासरं राजीखुशीनं पतीकडे राहतील, याचा इतर वस्तूंवरील हक्काशी संबंध नाही." एवढ्यानं तुमची भीती जाते.

सुकन्याचं खातं यादीतून आजच काढा. ते पैसे मुलीचे आहेत, नवऱ्याचे नाहीत आणि तुमचेही नाहीत. हप्ता कोण भरणार आणि पासबुकची प्रत दुसऱ्याला कधी मिळणार, एवढंच ठरवा.

आणि तुमचा मूळ मुद्दा. संमतीच्या अटींमध्ये दोन वेगळे भाग करा आणि मधे लिहा की वस्तूंच्या देवाणघेवाणीत अडचण आली तरी भेटी थांबणार नाहीत, आणि भेट चुकली म्हणून वस्तू अडवल्या जाणार नाहीत. मुलीच्या ताब्याचा आणि भेटींचा आदेश कलम २६ खाली पुढे बदलून घेता येतो. ती आज तिसरीत आहे, दहावीला तिचं वेळापत्रक वेगळं असेल. दागिन्यांचा व्यवहार मात्र एकदाच, मोजून, दोघांच्या सह्यांनी संपवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. शाळेतून नेण्याचं मी काल फोनवर विचारलं, ते लगेच हो म्हणाले. त्यांनाही दारात यायला नको वाटत होतं. वकील लावायला हातात पैसे नाहीत, त्याचं काय करता येईल?

प्रतिसाद (मी वकिली करते)

लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथून मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं आहे. आधी फोन करायचा असेल तर १५१००. जाताना दोघांची आधार कार्डं, लग्नाची पत्रिका किंवा नोंदणी दाखला, लग्नातला फोटो, मुलीचा जन्मदाखला आणि सामानाची यादी न्या. बैठकीत लिहिलेला कागद असेल तर तोही न्या, पण त्यावर अजून सही करू नका. जमलं तर दोघं मिळून जा.