अनुभव धागा : मोठ्या जातीच्या पिल्लाला काय आणि किती खाऊ घालावे?

गेल्या वर्षी आमच्या पुण्यातील घरी ग्रेट डेनचे आठ आठवड्यांचे पिल्लू आले, तेव्हा ब्रीडरने सोबत एक कागद दिला होता. दिवसातून चार वेळा पोटभर खाणे, दोन उकडलेली अंडी, रोज दोन चमचे कॅल्शियमचे सिरप, आणि शेवटी ‘पिल्लू डबल बोनचे (म्हणजे जाड हाडांचे) आहे, हात आखडू नका’ अशी सूचना. आम्ही हात अजिबात आखडला नाही. चौथ्या महिन्यात त्याची पुढच्या पायांची मनगटे फुगलेली दिसू लागली, पंजे बाहेरच्या बाजूला वळले आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्यावर ते बसू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सिरप त्याच दिवशी बंद करायला लावले.

त्यांनी समजावलेले कारण मला तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम शोषून घेते. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला मात्र जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही, त्यामुळे ते हाडांच्या वाढीतच ढवळाढवळ करते. पिल्लू जितके मोठ्या जातीचे, तितका हा धोका अधिक. भरपूर खाण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 1974 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रेट डेनचीच पिल्ले होती. ज्यांना हवे तितके खाऊ दिले, त्यांच्यात हाडांचे विकार मोजून-मापून खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले.

आपण काय खाऊ घातले, पिशवीवरचे काय वाचून निवड केली आणि कुठे चुकलात, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. अमुक ब्रँड चांगला की तमुक, एवढाच प्रतिसाद देऊ नये.

नाशिक, जर्मन शेफर्ड

आमची कुत्री सहाव्या महिन्यात आधी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागली, आठवडाभराने तो पाय बरा झाला आणि मागचा उजवा दुखू लागला. हा पॅनोस्टायटिस निघाला, म्हणजे लांब हाडांच्या आत येणारी वेदनादायक सूज. जर्मन शेफर्डमध्ये तो बराच दिसतो आणि बहुधा वाढ पूर्ण होईपर्यंत आपोआप थांबतो. शेजाऱ्यांनी ‘प्रथिने जास्त झाली असतील’ असे ठामपणे सांगितल्याने आम्ही अंडी आणि कोंबडी बंद करून पोळ्या वाढवल्या होत्या. डॉक्टरांनी तो प्रयोग मोडीत काढला. प्रथिने दोषी नसतात. एकूण उष्मांक आणि कॅल्शियम यांकडे लक्ष द्या, असे त्यांचे म्हणणे होते. खाद्य तेच ठेवून आम्ही प्रमाण कमी केले आणि तिचे वजन ताब्यात आले.

न्यू जर्सी, बर्नीज माउंटन डॉग

येथे पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ॲफ्को या अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषांचे एक विधान असते. खाद्य वाढीच्या वयासाठी योग्य आहे एवढे वाचून मी समाधानी होतो. पण त्यापुढे मोठ्या आकाराच्या, म्हणजे प्रौढपणी 70 पौंड (सुमारे 32 किलो) किंवा अधिक वजनाच्या कुत्र्यांच्या वाढीचा समावेश आहे की वगळला आहे, हेही लिहिलेले असते, आणि आपल्यासाठी महत्त्वाचे तेच आहे. कोरड्या भारावर, म्हणजे ओलावा वगळून, कॅल्शियमची कमाल मर्यादा इतर पिल्लांसाठी 2.5 टक्के आहे, तर या मोठ्या पिल्लांसाठी 1.8 टक्के, किमान 1.2 टक्के दोघांनाही लागते. पिशवीवरचा आकडा बहुधा ओलाव्यासह असतो. ओलावा 10 टक्के आणि कॅल्शियम 1.4 टक्के लिहिले असेल, तर 1.4 ला 0.9 ने भागावे, 1.56 येते, म्हणजे चालेल. भारतात आलेल्या माझ्या भावाच्या पिशवीवर कॅल्शियमचे फक्त किमान प्रमाण छापलेले होते. त्याने कंपनीला ईमेल करून कमाल आकडा मागवला, आणि चार दिवसांत तो मिळालाही.

सोलापूर जिल्हा, कारवान

आमच्याकडे तीन पिढ्या कारवान कुत्री आहेत, ज्यांना सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात. उंचीने मोठी, अंगाने सडपातळ. जोंधळ्याची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून द्यायची आणि जमेल तेव्हा मटणाचे तुकडे, ही वडिलांची पद्धत. शहरात राहायला आलेल्या माझ्या चुलतभावाला पिल्लाच्या बरगड्या दिसतात याची लाज वाटू लागली, म्हणून त्याने ते खाऊ घालून गोल केले. ते धावताना फार लवकर थकू लागले. या जातीच्या फासळ्या थोड्या दिसणारच. वडिलांच्या पद्धतीत कॅल्शियम पुरेसे होते की नाही, याचा हिशेब मात्र आम्ही कधीच केला नव्हता, हे पुढचा प्रतिसाद वाचण्याआधीच मान्य करतो.

सातारा जिल्हा, पशुवैद्य

माझ्याकडे उलट चुकीची पिल्लेही येतात. नुसता भात आणि बोनलेस चिकन यांवर वाढलेले चार महिन्यांचे रॉटवायलर सोफ्यावरून उडी मारताना मांडी मोडून आले होते. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असते. ती तूट भरून काढण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. लोक याला मुडदूस समजतात आणि पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवतात. माणसाच्या बाळाला त्याचा उपयोग होतो, पण कुत्र्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते खाण्यातूनच मिळावे लागते.

घरचे अन्न वाईट असते असे माझे मत नाही, मात्र मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ते अंदाजाने करू नये. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असते. घरच्या अन्नात, आहारतज्ज्ञाने वजनासह लिहून दिलेल्या कृतीप्रमाणे घातले, तर ते औषध ठरते. संपूर्ण आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यावर भुरभुरवले, तर धागाकर्तीच्या सिरपसारखीच गत होते.

चिपळूण, लॅब्राडोर

एकच मुद्दा. स्वस्त पडते म्हणून मोठ्या पोत्यातून काढलेले सुटे खाद्य आम्ही जुलैत आणले, त्याला खवट वास येत होता आणि पिल्लाला जुलाब झाले. आता पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढीच बंद पिशवी आणतो आणि ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. खाद्य बदलताना आठवडाभर जुने-नवे मिसळून देतो.

ठाणे, लॅब्राडोर

आमच्या घरात प्रश्न निवडीचा नव्हता, वाटीचा होता. मी सकाळी एक वाटी घाले, मुलगा शीग लावून दोन, आणि सासूबाई जपाला बसल्या की तूप लावलेली पोळी. पिल्लू सातव्या महिन्यातच गुबगुबीत झाले आणि येणारा-जाणारा कौतुक करू लागला. मग मी 48 लॅब्राडोरांवर चौदा वर्षे चाललेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला. एकाच विणीतल्या जोडीपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणे दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 13 वर्षे भरले, दुसऱ्यांचे 11.2, आणि सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाली. आता स्वयंपाकघरातला काटा वापरून ग्रॅममध्ये खाद्य मोजतो, दर रविवारी वजन लिहितो आणि बरगड्या हाताला सहज लागतात का ते पाहतो. सासूबाई पोळीचा तुकडा आधी काट्यावर ठेवतात आणि आकडा फळ्यावर स्वतः लिहितात. त्या हिशेबाने संध्याकाळचे खाद्य कमी होते.

पुणे, धागाकर्ती

न्यू जर्सीच्या प्रतिसादातला भागाकार करून पाहिला. आमच्या सध्याच्या खाद्याचा आकडा 1.5 येतो. डेनची वाढ दीड-दोन वर्षे चालते, त्यामुळे पंधराव्या महिन्यातही पिल्लांचेच खाद्य सुरू आहे, दिवसातून तीनदा, मोजून. आमचा डेन जिना आता विनासायास चढतो. उजवा पंजा अजून थोडा बाहेर वळलेला आहे, आणि तो तसाच राहील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.