‘सोपा ट्रेक’ म्हणजे नक्की कोणासाठी सोपा?

सावलीची वाट (धागाकर्ती)

माझी आई ६७ वर्षांची. रोज सकाळी बागेत चार किलोमीटर चालते, साखर आटोक्यात आहे, फक्त उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. लहानपण कोकणात गेलेलं, त्यामुळे रानात जायचं म्हटलं की तिचा चेहराच बदलतो. गेल्या डिसेंबरात एका ग्रुपच्या जाहिरातीत ‘श्रेणी सोपी, सर्व वयोगटांसाठी’ असं वाचून आम्ही दोघींनी पैसे भरले.

पहिला तास छान गेला. मग वाट ओढ्यात शिरली आणि समोर कंबरेएवढा खडक आला. आई एका उंबराच्या मुळीला धरून पाय वर टाकायला बघत होती आणि वर उभा असलेला तेवीस-चोवीस वर्षांचा लीडर सांगत होता, ‘काकू, आता दहाच मिनिटं.’ त्या दहा मिनिटांना सव्वा तास लागला. परत येताना ती जागा आईने बसून, घसरत उतरली. घरी आल्यावर तिने बूट धुतले, वाळवले, पिशवीत बांधले आणि माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिले. त्या मुलाचा मला राग नाही. त्याच्या पायांना ती वाट खरंच सोपी होती.

माझं म्हणणं असं की आपल्या जंगलातल्या डोंगरांवर प्रत्येक ठिकाणी एक तरी वाट अशी असावी, जी साठीतल्या माणसाला, वजन जास्त असलेल्याला, सहा वर्षांच्या मुलाला आपल्या चालीने चालता येईल. आणि ‘सोपा, मध्यम, कठीण’ हे शब्द बंद करून साध्या गोष्टी सांगाव्यात: चढ किती मीटर, सगळ्यात अवघड जागा कुठली आणि ती केवढी, पाणी कुठे, कुठून मागे फिरता येतं.

पायथ्याच्या खांडस गावाहून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा घ्या. एक शिडी घाट, लोखंडी शिड्यांचा, उभा. दुसरा गणेश घाट, लांबून फिरून जाणारा. जो तो सांगतो, ‘गणेश घाट सोपा.’ कशाच्या मानाने? शिडी घाटाच्या! पायथ्यापासून देवळापर्यंत आठ-नऊशे मीटरचा चढ तर दोन्हीकडे तेवढाच आहे. हे कोणी आधी सांगत नाही. आईसारखीने गणेश घाटाने नुसतं वाटेतल्या गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन, डबा खाऊन परत यावं. तोसुद्धा पूर्ण दिवसाचा आनंद आहे. पण अर्ध्यातून परतणं म्हणजे हरणं, असं आपण करून ठेवलंय.

---

कातळकडा

तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, आणि ती चूक जाहिरात करणाऱ्यांची आहे. तरी तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

‘सगळ्यांसाठी वाट’ म्हटलं की आपल्याकडे पुढे काय होतं ते मी वीस वर्षं बघतोय. आधी पायऱ्या येतात, मग रेलिंग, मग वरच्या सपाटीवर भजी आणि मॅगीची टपरी, मग स्पीकर. भीमाशंकरचं रान शेकरूचं आहे. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतं. ते झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून जातं, त्यामुळे वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असाव्या लागतात. वाट रुंद करायला दोन-चार झाडं काढली की खाली आपल्याला फरक दिसत नाही, वर मात्र त्याचा रस्ता तुटतो. राज्यप्राणी म्हणून मिरवायचं आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर फाडायचं, हे मला पटत नाही.

सगळ्या जागा सगळ्यांना मिळाल्याच पाहिजेत असं नाही. मलाही वयाच्या पन्नाशीनंतर काही कडे सोडावे लागले. वाईट वाटतं, पण कडा माझ्यासाठी खाली यावा असं मी म्हणत नाही.

---

निवृत्त मास्तर

कातळकडा, तुमचं रानाबद्दलचं प्रेम कळतं. पण धागाकर्तीने पायऱ्या मागितलेल्याच नाहीत, ते तुम्ही स्वतःहून जोडलंत.

मी ७१ वर्षांचा. माझा अनुभव असा की सिमेंटची पायरी ही म्हाताऱ्या गुडघ्याची सगळ्यात मोठी वैरीण आहे. घरातला जिना सहा-सात इंचांचा असतो. डोंगरावर ठेकेदार दहा-बारा इंचांची पायरी बांधून मोकळा होतो, कारण तेवढ्याच उंचीला पायऱ्या कमी लागतात. चढताना कसंबसं जमतं. उतरताना प्रत्येक पायरीला सगळं वजन एका गुडघ्यावर आदळतं, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरलं की विचारू नका. मातीची वाट असली की मी पाय तिरका टाकतो, लहान पावलं टाकतो, बाजूने जातो. पायरी मला माझं पाऊल निवडू देत नाही.

म्हातारा माणूस चढाला घाबरत नाही, उभ्या चढाला घाबरतो. नेरळ-माथेरानची छोटी गाडी आठवा. १९०७ पासून ती डोंगर चढतेय. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत कितीसं अंतर? पण लोहमार्ग सुमारे वीस किलोमीटरचा, कारण जिथे चढ सगळ्यात जास्त तिथेही तो वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, एवढाच ठेवलाय. वळणावर वळण, वळणावर वळण, आणि तेवढंसं इंजिन वर पोचतं. माणसाच्या पायालाही तोच हिशेब लागू आहे, आणि त्याला सिमेंटची एक गोणीसुद्धा लागत नाही.

---

कातळकडा

मास्तर, माथेरानचं नाव काढलंत म्हणून सांगतो. गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात, म्हणून ते गाव टिकलं. तिथेही मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. ते योग्यच झालं, माणसाला माणसाने ओढणं कधीच थांबायला हवं होतं. त्याच निकालात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला परवानगी मिळाली, आतल्या रस्त्यांना आणि ट्रेकच्या वाटांना नाही. ही रेघ मला मान्य आहे. मुख्य रस्ता सगळ्यांचा, आतली वाट मातीचीच. प्रश्न एवढाच की ही रेघ प्रत्येक डोंगरावर कोण सांभाळणार? रोज न्यायालयात जायचं का?

---

झुरिकची दुपार

मी नाशिकची, बारा वर्षं झुरिकला आहे. इथली पद्धत सांगते, कारण ती धागाकर्तीच्या मागणीच्या जवळ जाते. साध्या पायवाटेला पिवळी पाटी. डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा, म्हणजे पाऊल जपून टाकायचं, उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा दिसला की तिथे हातही लागणार आणि अनुभवही. पाटीवर बहुतेक वेळा किलोमीटर नसतात, वेळ असते, तीही विश्रांती न धरता. माझे सासरे ७० वर्षांचे, साताऱ्याहून आले होते. आठवडाभर रोज एकटे फिरले. पिवळी पाटी सोडायची नाही, एवढं एकच त्यांना सांगितलं होतं.

वेळेचा जुना ठोकताळाही आहे. १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला: साधारण पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे खांडस ते भीमाशंकर नुसत्या चढाचाच दीड तास वाढतो, आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा. काकूंसाठी दुप्पट धरा. एवढं आधी लिहिलं असतं तर त्या ‘दहा मिनिटां’वर कोणी विसंबलं नसतं.

---

घसारा

दोरी-स्ट्रेचर घेऊन शोधकार्याला जाणाऱ्यांपैकी मी एक. स्वित्झर्लंडच्या पाट्या छान आहेत, पण इथे चार महिने पाऊस कोसळतो. ओढा जागा बदलतो, कारवी पुरुषभर वाढते, दरड आली की वाटच नाहीशी होते. जूनमध्ये खरी असलेली पाटी सप्टेंबरात खोटी ठरते, आणि खोटी पाटी नसलेल्या पाटीपेक्षा वाईट.

लोक कुठे चुकतात ते सांगतो. कड्यावर नाही, तिथे सगळे जपतात. चुकतात ते पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या रानात, जिथे मळलेल्या वाटेला ढोरवाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. तिथे दगडावर रंगाचा एक बाण पुरतो, पण तो दर पावसाळ्यानंतर कोणीतरी जाऊन बघायला हवा. दरवर्षी बघणारा माणूस नक्की नसेल, तर वाट ‘सगळ्यांसाठी’ म्हणून जाहीर करू नका. हा माझा विरोध समजा किंवा अट समजा.

---

पायथ्याची वाडी

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमची वाडी डोंगराच्या पदरात आहे, अजून गाडीरस्ता नाही. तुम्ही जिला ट्रेकची वाट म्हणता ती आमची शाळेची, बाजाराची, दवाखान्याची वाट. माझ्या वहिनीला बाळंतपणाला झोळीतून खाली नेलं, श्रावणात, रात्री. चौघे खांदेकरी, पाचवा पुढे बॅटरी धरून. प्रत्येक निसरड्या दगडाशी झोळी टेकवायची, पाय जमवायचा, मग उचलायची. ती दातावर दात दाबून गप्प होती, आणि आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो.

म्हणून कातळकडा साहेब, ‘वाट अवघडच राहू दे’ हे तुम्ही म्हणता तेव्हा मला त्रास होतो. तुमचा पाय मुरगळला तर तुम्ही पुढच्या शनिवारी येणार नाही. आम्हाला सोमवारी त्याच वाटेने जायचं असतं.

मास्तर बोलले ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. गुरं कधी डोंगर सरळ चढत नाहीत, आडवी चढतात. जुनी वाट तशीच होती, नागमोडी. ती मोडली कोणी? शहरातल्या पोरांनी. वळण तोडून सरळ खाली पळतात. एका हंगामात ती रेघ उघडी पडते, पहिल्या पावसात पाणी तिथूनच धावतं, माती जाते, खाली गोटे उरतात. मग तुम्हीच लिहिता, वाट फार घसाऱ्याची आहे.

दुरुस्ती आम्हाला येते. वळणावर दगडाची ताल रचायची, पाणी बाजूला काढायला तिरका चर मारायचा, तोडलेल्या वाटेवर काटेरी फांद्या टाकायच्या. दसऱ्यानंतर आठ माणसांची चार दिवसांची मजुरी. पण तेवढ्यासाठी पैसे कोणी देत नाही, आणि रेलिंगला लाखो येतात.

---

कातळकडा

वाडीचे दादा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. ‘अवघड राहू दे’ म्हणताना माझ्या डोळ्यापुढे शनिवार-रविवारची गर्दी होती, झोळी नव्हती. तुमच्या वाटेबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. वाडीला रस्ता हा तुमचा हक्क आहे, त्याची या चर्चेत तुलनाच नको. वळणं तोडणाऱ्यांत तरुणपणी मीही होतो.

गर्दीबद्दल मात्र माझं मत कायम. वाट सोपी केली की संख्या ठरवावी लागेल, दिवसाला किती माणसं. ते न करता नुसती सोपी केली तर दादांची ताल दोन हंगामांत ढासळेल.

---

सावलीची वाट (धागाकर्ती)

संख्येचं मला पटतं. आई म्हणाली, नंबर लावून जाऊ, रेशनला उभी राहिलेच की.

दादा, दसऱ्यानंतरच्या त्या चार दिवसांची मजुरी आम्ही इथली काही जणं मिळून देऊ शकतो का? तुमच्या वाडीत बोलून सांगा, घाई नाही.

आणि दिवाळीनंतर खांडसला जाऊन गणेश घाटाची नोंद करायचं माझ्या मनात आहे. वाटेतल्या गणपतीच्या देवळापर्यंत किती वेळ, सावली कुठे, बसायला दगड कुठे, आणि गुडघ्यापेक्षा उंच पाऊल टाकावं लागतं अशा जागा किती. मोजायला आईच येणार आहे. बूट अजून माळ्यावरच आहेत, पण काल तिने विचारलं की त्यांचे तळवे कडक तर झाले नसतील ना. आणखी कोणी येणार का?

---

कातळकडा

मी येतो. टेप आणि उंचीमापक आणतो. देवळापर्यंतची नोंद इथे खुशाल टाका. त्यापुढच्या रानातल्या पाण्याच्या जागा मात्र लिहायच्या नाहीत, तिथे उन्हाळ्यात जनावरं येतात. एवढं कबूल असेल तर तारीख कळवा.